चक्रांचा तानापिहिनिपाजा, व्हाया अड्यार

नेरुळच्या एका ताईंचा प्रश्न आलाय, थोडक्यात सांगते. त्यांनी वाशीला दोन दिवसांचं चक्रा हीलिंगचं वर्कशॉप केलं. तिथे सात रंगांचा चार्ट मिळाला, हे पाच हजार वर्षांपूर्वीचं वेदातलं ज्ञान आहे असं सांगितलं, आणि आता लेव्हल टूला या म्हणून रोज फोन येतायत. लेव्हल टूमध्ये थर्ड आय अॅक्टिव्हेशन आणि आकाशिक रेकॉर्ड्स. घरी भाचा म्हणाला, मावशी हे वेदातलं नाही, हे थिऑसॉफीवाल्यांनी बनवलंय. तर ही थिऑसॉफी काय भानगड आहे आणि भाचा खरं बोलतोय का?

ताई, भाचा बराचसा बरोबर आहे, पूर्ण नाही. आणि ते "पूर्ण नाही" सांगायला मला जरा लांबून यावं लागेल, तेव्हा चहा घेऊन बसा.

आधी माझीच फजिती सांगते. मी ठाण्यात नौपाड्यात तीस वर्षं योगवर्ग घेते. पहिली आठ-दहा वर्षं माझ्याही भिंतीवर हाच चार्ट होता, चांगला लॅमिनेट करून घेतलेला, आणि मीही बायकांना ठोकून सांगायचे की बघा आपल्या ऋषीमुनींनी काय काय शोधून ठेवलंय. मग वर्गाला एक रिटायर्ड संस्कृतच्या बाई यायला लागल्या, पंच्याहत्तरीच्या, सगळ्या त्यांना आजीच म्हणायच्या. पंधरा दिवस काही बोलल्या नाहीत, नुसतं चार्टकडे बघायच्या. एक दिवस शवासन संपवून उठल्या आणि म्हणाल्या, "अगं, हा तर तानापिहिनिपाजा आहे!"

सगळ्या हसल्या, मीही हसले, पण रात्री झोप लागेना. कारण खरंच बघा ना, मूलाधार तांबडं, स्वाधिष्ठान नारंगी, मणिपूर पिवळं, अनाहत हिरवं, पुढे निळं, पारवं आणि डोक्यावर जांभळं. शाळेत पाठ केलेला इंद्रधनुष्याचा क्रम, खालून वर, जसाच्या तसा. आजींनी वर टोला हाणला, "ऋषींना रंग न्यूटनने पुरवले होते का गं?"

मग आजींच्याच मदतीने मी षट्चक्रनिरूपण वाचायला घेतलं. बंगालच्या पूर्णानंदांचा ग्रंथ, १५७७ चा, आणि आज जगभर जी चक्रं सांगतात त्यांचा मुख्य आधार हाच. म्हणजे पाच हजार नाही, साडेचारशे वर्षं (चक्रांची कल्पना त्याहून बरीच जुनी आहे, पण वेदातली नाही, तंत्रातली). आता त्यात रंग आहेत का? आहेत. पण मणिपूर पावसाने भरलेल्या ढगासारखं सांगितलंय, पिवळं नाही. अनाहत दुपारीच्या फुलासारखं लाल, हिरवं नाही. आज्ञाचक्र चंद्रासारखं पांढरं. आणि चक्रं सातच असतात हेही ठरलेलं नाही, नाथपंथात नऊ सांगितलीत. आपल्या ज्ञानेश्वरीतला सहावा अध्याय घ्या, कुंडलिनीचं इतकं जिवंत वर्णन दुसरीकडे मिळणार नाही, कुंकवात न्हालेलं नागिणीचं पिल्लू वेटोळं घालून झोपलंय म्हणतात माउली, पण तिथेही हा इंद्रधनुष्याचा जिना नाही.

मग हा जिना आला कुठून? इथे थिऑसॉफी येते.

थिऑसॉफिकल सोसायटी न्यूयॉर्कमध्ये निघाली, नोव्हेंबर १८७५. शब्द ग्रीक, थिऑस म्हणजे देव आणि सोफिया म्हणजे ज्ञान, आपल्याकडे त्याला ब्रह्मविद्या म्हणायचे. शब्द त्यांनी काढला नाही, युरोपातले गूढवादी तो शतकानुशतकं वापरत होते. सोसायटी काढणारी मुख्य माणसं तीन. एक मादाम ब्लाव्हाट्स्की, १८३१ मध्ये रशियन साम्राज्यात, आजच्या युक्रेनमध्ये जन्मलेली, खानदानी घरातली, नवऱ्याला सोडून जगभर भटकलेली बाई, सिगारेटवर सिगारेट ओढणारी, तोंडाने फटकळ. दुसरा कर्नल ऑल्कॉट, अमेरिकन यादवी युद्धात लष्करातले घोटाळे शोधून काढणारा, लिंकनच्या खुनाच्या तपासातही होता. तिसरा जज नावाचा तरुण वकील (आडनावच जज, म्हणून लोक गोंधळतात).

कर्नल आणि मादाम भेटले १८७४ मध्ये, अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या एका शेतघरात, जिथे रोज रात्री भुतं दिसतात अशी बातमी होती आणि कर्नल पेपरसाठी त्यावर लिहायला गेला होता. हसू नका, त्या काळी तिकडे प्लँचेटची लाटच होती. १८४८ पासून घराघरात टेबलं ठोकून मेलेल्यांशी बोलणं चालू होतं, त्यात युद्धात लाखो तरुण पोरं गेलेली, डार्विनने बायबलवरचा विश्वास हलवलेला, चर्च नको पण नुसतं सायन्सही कोरडं वाटतं असा एक मोठा सुशिक्षित वर्ग तयार झाला होता. त्याला मादामने सांगितलं की सगळ्या धर्मांच्या मुळाशी एकच प्राचीन ज्ञान आहे, आणि ते सांभाळणारे महात्मे आजही आहेत. हे बरोबर लागू पडलं.

आता एक मजेशीर गोष्ट, जी वर्कशॉपवाल्यांना विचारून बघा. मादामचं पहिलं मोठं पुस्तक १८७७ चं, त्याच्या नावातच इजिप्तची देवी आहे, भर सगळा इजिप्त, ग्रीस, जादू यांच्यावर, आणि माणूस पुन्हा पुन्हा पृथ्वीवर जन्म घेतो हा सर्वसाधारण नियम आहे असं त्यात ती मानत नव्हती. १८८८ चं दुसरं मोठं पुस्तक उघडा तर कर्म, पुनर्जन्म, मन्वंतर, संस्कृत शब्दांचा नुसता पाऊस. मधल्या अकरा वर्षांत काय झालं? बाई मुंबईला आल्या!

१६ फेब्रुवारी १८७९ ला दोघं मुंबईत उतरले, गिरगावात बिऱ्हाड केलं. येण्याआधी स्वामी दयानंदांच्या आर्य समाजाशी पत्रं लिहून युती केली होती, ती तीन वर्षांत फिसकटली, कारण स्वामीजींना वेद सोडून दुसरं काही चालत नव्हतं आणि यांना सगळंच चालत होतं. ऑक्टोबर १८७९ ला मुंबईहूनच त्यांचं मासिक सुरू झालं. लोणावळ्याजवळची कार्ल्याची लेणी बघायला आगगाडीने गेले, म्हणजे गाडी आपल्या ठाण्यावरूनच गेली असणार, मला हे उगाच फार आवडतं. १८८२ च्या अखेरीस मुक्काम मद्रासला अड्यारला हलला आणि मुख्यालय आजही तिथेच आहे, पण पाया घातला गेला तो गिरगावात.

या मुंबईच्या काळातली दोन मराठी माणसं मला कोणत्याही महात्म्यापेक्षा जवळची वाटतात. एक दामोदर मावळणकर, अहमदाबादच्या सधन मराठी ब्राह्मण घरातला विशीतला पोरगा. १८७९ मध्ये सोसायटीत आला, आणि जातपात न मानणं हे यांचं पहिलं कलम आहे ना, मग मी जात सोडतो म्हणून मासिकात नावानिशी छापून मोकळा झाला, तेही १८८० साली! घर तुटलं, इस्टेटीवर पाणी सोडलं, दिवसरात्र मासिकाचं काम करायचा. १८८५ च्या फेब्रुवारीत महात्म्यांना भेटायला म्हणून दार्जिलिंगवरून सिक्कीममार्गे तिबेटकडे निघाला आणि परत आला नाही. सत्तावीस वर्षांचा. त्याची लहानपणी लग्न झालेली बायको मागे राहिली होती, तिच्याबद्दल कुठे दोन ओळी सापडत नाहीत, याचा मला दरवेळी राग येतो.

दुसरे तुकाराम तात्या पडवळ. जातिभेद विवेकसार हे १८६१ चं जातीवर कडक टीका करणारं पुस्तक यांचं, स्वतःचं नाव न घालता "एक हिंदू" म्हणून लिहिलेलं, पुढची आवृत्ती १८६५ मध्ये जोतिराव फुल्यांनी काढली. असा माणूस पुढे मुंबईतला मोठा थिऑसॉफिस्ट झाला. आणि नुसता सभासद नाही, पुस्तकं छापायचा फंड उभा केला, त्यातून संस्कृत ग्रंथ इंग्रजी भाषांतरासकट स्वस्तात काढले. तुकोबांची गाथा छापली. १८९३ ची हठयोगप्रदीपिकेची इंग्रजी आवृत्ती त्यांच्याच फंडातून आली. आता गंमत बघा, मादामला स्वतःला हठयोग अजिबात पसंत नव्हता, राजयोगच खरा, हठयोग धोक्याचा असं ती लिहायची, आणि तिच्याच मुंबईच्या शिष्याने तो ग्रंथ जगाच्या हातात दिला. माझ्यासारख्या बाईची रोजीरोटी ज्या पुस्तकावर चालते त्याच्या प्रवासात गिरगाव-मुंबईचा एवढा वाटा आहे हे मला वर्ग सुरू करून पंधरा वर्षं झाल्यावर कळलं. १८९३ हे सालही काय आहे बघा, विवेकानंद शिकागोला, सोसायटीच्या अॅनी बेझंट पहिल्यांदा हिंदुस्थानात, आणि आपल्या ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालयही त्याच सालचं.

तर चक्रं. सोसायटीत पुढे लेडबीटर नावाचा गृहस्थ आला, आधी इंग्लंडच्या चर्चमध्ये पाद्री होता. मला दिव्यदृष्टी आहे, मला माणसाभोवतीचे रंग दिसतात असं तो सांगायचा. ऑरा म्हणजे तेजोवलय, त्यातला अमुक रंग म्हणजे राग, तमुक म्हणजे भक्ती, हे जे आज एक्झिबिशनमध्ये फोटो काढून सांगतात त्याची मुळं १९०० च्या आसपासच्या त्याच्या आणि बेझंटबाईंच्या पुस्तकांत आहेत. १९२७ मध्ये त्याने चक्रांवर रंगीत चित्रांचं पुस्तक काढलं. त्यात स्वाधिष्ठान काढून चक्क प्लीहेचं चक्र घातलंय, कारण कामवासनेजवळची ती जागा जागवणं त्याला धोक्याचं वाटत होतं. म्हणजे व्हिक्टोरियन काळातला संकोच आमच्या तंत्रात शिरला! शुद्ध तानापिहिनिपाजा त्याचाही नाही बरं का, तो त्याच्याही नंतरचा, १९७० च्या दशकात अमेरिकेकडे पक्का झाला. पण चक्र म्हणजे गोल फिरणारं रंगीत ऊर्जाकेंद्र, ते ब्लॉक होतं, बॅलन्स करता येतं, शरीरातल्या ग्रंथींशी जोडलेलं असतं, ही सगळी भाषा त्याच वाटेने आली. मूळ तंत्रात चक्र हे ध्यानात उभं करायचं असतं, गुरूने सांगितल्याप्रमाणे, त्यावर बीजमंत्र, देवता, पाकळ्यांवर अक्षरं. ते बिघडलंय का म्हणून कोणी तपासत नव्हतं.

तुमच्या लेव्हल टूचंही तेच. थर्ड आय म्हणजे मेंदूतली पिनिअल ग्रंथी हे समीकरण मादामच्या १८८८ च्या पुस्तकात सापडतं, आज्ञाचक्राच्या मूळ वर्णनात ग्रंथीबिंथी काही नाही. आकाशिक रेकॉर्ड्समध्ये आकाश हा शब्द आपला, पण विश्वात घडलेलं सगळं तिथे नोंदलेलं आहे आणि ते वाचता येतं हा प्रकार लेडबीटर आणि मंडळींनी रूढ केला. शब्द आपला, आशय त्यांचा, पॅकिंग कॅलिफोर्नियाचं, आणि डिलिव्हरी वाशीला.

आता भाच्याला म्हणावं, एवढ्यावरून "सगळं बोगस" म्हणू नकोस, कारण याच लोकांनी केलेली बाकीची कामं बघितली तर चक्रावून जायला होतं. गांधीजी लंडनला शिकत होते तेव्हा १८८९ च्या सुमारास दोन थिऑसॉफिस्टांनी त्यांना गीता वाचायला बोलावलं, इंग्रजीतून. मी ती संस्कृतमध्येही वाचलेली नाही आणि गुजरातीतही नाही, याची आपल्याला लाज वाटली असं गांधीजींनी स्वतः लिहून ठेवलंय. गीता आपली, पण गांधींच्या हातात ती गोऱ्या माणसांनी दिली. माझा सगळा मुद्दा या एका प्रसंगात आहे खरं तर. आपलंच, पण व्हाया कोणीतरी.

बौद्ध विहारावरचा पंचरंगी झेंडा, आंबेडकर जयंतीला कळवा-ऐरोलीपासून सगळीकडे दिसतो तो, कोलंबोत १८८५ मध्ये एका समितीने बनवला आणि तो लांबलचक न ठेवता राष्ट्रध्वजाच्या मापाचा करा ही सूचना कर्नल ऑल्कॉटची. १८८० मध्ये ऑल्कॉट आणि मादामने श्रीलंकेत गॉलला जाहीरपणे पंचशील घेतलं होतं, मग कर्नलने तिथे बौद्ध शाळा काढायचा सपाटाच लावला.

बेझंटबाईंचं तर तुम्हाला शाळेत होतं, होमरूल. टिळकांची लीग एप्रिल १९१६, बाईंची सप्टेंबर. दोघांनी मुलूख वाटून घेतला होता, मुंबई शहर सोडून महाराष्ट्र टिळकांकडे आणि मुंबई शहर बाईंकडे, म्हणजे त्या हिशोबाने ठाणे टिळकांचं. १९१७ मध्ये सरकारने बाईंना स्थानबद्ध केलं आणि त्याच वर्षी त्या काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. काँग्रेसच थिऑसॉफीने काढली असं काही जण सांगतात ते मात्र ताणलेलं आहे. काँग्रेस काढण्यात पुढे असलेला ह्यूम काही वर्षं सोसायटीत रमला होता हे खरं, पण १८८५ ला पहिल्या अधिवेशनाला मुंबईच्या तेजपाल कॉलेजमध्ये ७२ लोक जमले ते काही महात्म्यांच्या पत्रावरून नाही. मद्रासला १९१८ मध्ये गिरणी कामगारांची युनियन उभी करणारे वाडिया थिऑसॉफिस्ट, ते पुढे मुंबईत येऊन न्यू मरीन लाइन्सच्या थिऑसॉफी हॉलमागचे मुख्य माणूस झाले. भरतनाट्यमला देवळाबाहेर मान मिळवून देणाऱ्या रुक्मिणीदेवी अरुंडेल त्यातल्याच, कलाक्षेत्र १९३६ चं (मात्र ज्यांची ती कला होती त्या देवदासींना त्यात किती जागा राहिली यावर वाद आहे आणि तो रास्त आहे). मारिया माँटेसरी १९३९ मध्ये आल्या त्या अड्यारच्या बोलावण्यावरून, मग महायुद्धामुळे इथेच अडकल्या. तेव्हा तुमच्या नेरुळ-खारघरच्या गल्लीगल्लीत माँटेसरीचे बोर्ड दिसतात त्यांचा धागाही अड्यारच्या समुद्रापर्यंत जातो. तिकडे युरोपात चित्रकार मोंड्रियान सोसायटीचा सभासद होता, कँडिन्स्कीने ही पुस्तकं वाचून रंगांना आत्मा असतो म्हणत अमूर्त चित्रांकडे उडी मारली. जर्मन शाखेचा प्रमुख श्टायनर भांडून बाहेर पडला, त्याच्याकडून वॉल्डॉर्फ शाळा आणि बायोडायनॅमिक शेती आली.

काळी बाजूही सांगते, नाहीतर भाचा म्हणेल मावशींना मॅडम फारच गोड बोलल्या. महात्म्यांची पत्रं छतातून पडायची, कपाटात उमटायची. १८८४ मध्ये घर सांभाळणाऱ्या कूलोम्ब बाईने सांगितलं की कपाटामागे सरकती फळी आहे, मादामने तिला लिहिलेली पत्रंही छापून आणली. लंडनच्या सायकिकल रिसर्च सोसायटीकडून, म्हणजे असल्या चमत्कारांचा तपास करणाऱ्या संस्थेकडून, हॉजसन नावाचा तपासनीस आला, त्याने १८८५ मध्ये मादाम लबाड आहे असा अहवाल दिला, मादाम त्याच वर्षी हिंदुस्थान सोडून गेली ती परत आलीच नाही. शंभर वर्षांनी, १९८६ मध्ये, त्याच लंडनच्या संस्थेच्या नियतकालिकात हॉजसनचा तपास एकतर्फी होता असं एका हस्ताक्षरतज्ज्ञाने लिहिलं, त्यामुळे वाद मिटलेला नाही, पण मला विचाराल तर छतातून पत्रं पडत नाहीत. लेडबीटरवर लहान मुलांना दिलेल्या सल्ल्यांवरून गंभीर आरोप झाले, १९०६ ला त्याला बाहेर पडावं लागलं आणि तरी पुढे परत घेतलं, हे मला न पटणारं. आणि मादामच्या पुस्तकातली "मूळ वंशांची" उतरंड, अटलांटिस, लेमुरिया वगैरे, ती जर्मन वंशवाद्यांनी उचलून काय केली ते वाचवत नाही. पहिलं कलम विश्वबंधुत्व आणि पुस्तकात वंशांची शिडी, हे दोन्ही एकाच छपराखाली होतं.

त्यातून स्वतःहून बाहेर पडलेला माणूस म्हणजे जे. कृष्णमूर्ती. १९०९ मध्ये लेडबीटरने अड्यारच्या किनाऱ्यावर हेरलेला मुलगा, हाच जगद्गुरू म्हणून वाढवला, त्याच्यासाठी जगभर संघटना उभी केली, आणि १९२९ मध्ये हॉलंडला त्याने भर सभेत ती संघटना विसर्जित केली. मी कॉलेज संपता संपता, १९८५ च्या आसपास, जे.जे. स्कूल ऑफ आर्टच्या हिरवळीवर त्यांना ऐकलंय, ठाण्याहून लोकलने गेलो होतो चौघी. फारसं कळलं नाही. एवढं लक्षात आहे की म्हातारा समोरच्या गर्दीवर जरा वैतागलेला होता.

महाराष्ट्रात ही चळवळ मद्रास-बनारससारखी रुजली नाही, माझ्या मते याचं कारण आपल्याकडे वारकरी परंपरा घट्ट होती, प्रार्थना समाज होता, फुले होते, टिळक होते, प्रत्येकाला आपलं दुकान होतं. पारशी आणि गुजराती मुंबईकरांत जास्त रमली. फ्रेंच ब्रिजजवळचा ब्लाव्हाट्स्की लॉज (लॉज म्हणजे सोसायटीची शाखा) बघून या कधी.

तर ताई, लेव्हल टूचं. पहिल्या वर्कशॉपने तुम्हाला बरं वाटलं असं तुम्ही लिहिलंय, ते खोटं नाही, दोन दिवस शांत बसून श्वासाकडे बघितलं की बरं वाटतंच, त्याला मणिपूर पिवळं असायची गरज नाही. जायचं तर खुशाल जा, पण पैसे भरायच्या आधी शिकवणाऱ्यांना विचारा की हे कुठल्या ग्रंथात आहे, नाव आणि अध्याय सांगा. "लेडबीटरने सांगितलंय, १९२७" असं प्रामाणिकपणे सांगणारा कोणी भेटला तर मी स्वतः येईन तुमच्याबरोबर. "वेदात आहे" म्हणाले तर कोणत्या, एवढंच विचारा, चारच आहेत. आणि थर्ड आय उघडायच्या नादात कोणी जोरजोरात श्वास तासभर करायला लावला तर उठून या, तुम्ही बीपीचं लिहिलंय म्हणून मुद्दाम सांगतेय.

माझा चार्ट अजून आहे. आजी गेल्या तेव्हा काढून टाकणार होते, पण लॅमिनेशन चांगलं होतं. उलटा करून भिंतीला लावलाय, मागच्या पांढऱ्या बाजूवर मार्करने वर्गाच्या सुट्ट्या लिहिते.